पियानोवरचं पांघरूण

त्या सकाळीही बाबांनी आधी पियानोचं मोठं झाकण लावलं आणि वर पांघरूण दुहेरी करून पसरलं. त्यांचा व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ. पियानोपुढे तो दबतो, ही त्यांची कायमची तक्रार. लेकीने पियानोवर सुरुवात केली न केली तोच ते म्हणाले, "अगं, हळू. शेजारच्या खोलीत कुणीतरी निजलंय असं समज."

"मग मीच शेजारच्या खोलीत जाऊन वाजवते."

"चालेल. दार लावून घे."

दोघंही हसली.

रचना बाबांचीच, आईच्या शेवटच्या आजारपणात लिहिलेली. व्हायोला एकच सूर ताणत, मधेच तोडत जायचा आणि पियानो दोन-दोन सुरांनी त्याच्या मागे मागे यायचा. कार्यक्रम संपला की लोक डोळे पुसत बाबांचे हात हातात घ्यायचे. बायकोला असा जीव लावावा माणसाने, म्हणायचे. लेक शेजारी व्हायोलाची पेटी धरून उभी. आईला कुशीवर वळवायला, चमच्याने भरवायला तीच होती. बाबा तेव्हा दार लावून लिहीत बसले होते. पांघरूणही आईच्याच अंथरुणातलं. यातला चकार शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती हाक मारायला गेली, तेव्हा बाबा झोपेतच गेले होते.

त्यांच्या स्मरणार्थ तीच रचना वाजवायचं ठरलं. व्हायोलावर त्यांचा जुना विद्यार्थी. तालमीला आला आणि वाद्य काढण्याआधी सवयीने पियानोवर पांघरूण पसरू लागला. तिने ते ओढून जमिनीवर टाकलं, झाकण पूर्ण उघडून त्याला टेकू दिला.

मग माझं कुणाला ऐकू येणार, असं तो चाचरत म्हणाला. जोर लाव, एवढंच ती बोलली.

तिचे ते दोन-दोन सूर पहिल्यांदाच खोलीभर घुमले. अर्ध्यावर त्याने गज खाली घेतला.

"ताई, सर इथे पियानो अगदी बारीक ठेवायचे. शेवटी हे त्यांचं दुःख आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"आई माझीही गेली होती, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.