तळमजल्यावरची लिफ्ट

मी एका इस्टेट एजंटच्या दुकानाची जुनी वेबसाइट बोलतेय. हो, तीच, जिच्यावर घरांपेक्षा मालकांचा फोटो मोठा होता. माझ्या पोटात गावभरच्या घरांची माहिती होती. निदान मालक तरी तसं सांगत.

मालकांना सगळे काका म्हणत. त्यांच्या भाच्याने मला हौसेने बनवलं, आणि नोकरी लागल्यावर तो मला साफ विसरला. एकेका घरासाठी मजला, पाणी, लिफ्ट, पार्किंग असे ढीगभर रकाने! काकांना भरायचा भारी कंटाळा. नवं घर आलं की ते आधीच्या घराची नोंद कॉपी करायचे, पत्ता, मजला नि भाडं बदलायचे, की झालं काम. पहिल्याच घराला लिफ्ट होती. त्यामुळे पुढे माझ्यातल्या सगळ्या घरांना लिफ्ट आली. बैठ्या घरांनासुद्धा.

मला ते कळत होतं, पण आमच्यासारख्यांनी आपणहून तोंड उघडायची सोय नसते.

मग माझं रूप पालटायला वेबसाइट बनवणारी एक मुलगी आली. बाळंतपणानंतरचं तिचं पहिलंच काम. कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी तिने घरी फोन लावला.

"आई, चिमणी रडतेय का हो?"

"ती मजेत आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू रडू नकोस म्हणजे झालं."

काकांनी फर्मान सोडलं, "रंग बदल, फोटो मोठे कर. सोमवारी नवी वेबसाइट सुरू व्हायला हवी. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मोठी कंपनी टपूनच बसलीय."

"जमेल," ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो असा चेहरा करून बसली. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा तीच लिहायची, असं तिचं चाललेलं. अशातच तिला तळमजल्यावरची लिफ्ट सापडली. आधी ती खुदकन हसली. मग एकेक घर उघडत गेली, तसं हसू मावळलं.

तेवढ्यात एक माणूस तणतणत आत आला. "तुमच्या वेबसाइटवर बघून आईला घेऊन गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. तिसरा मजला, आणि लिफ्टचा पत्ता नाही! बिचारी खालच्या पायरीवर बसून राहिली."

"दुसरं दाखवतो ना, साहेब. लिफ्टवालीच आहेत सगळी," काका म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तिने माझा लिफ्टचा रकाना सगळ्या घरांसाठी पुसून टाकला. नव्या वेबसाइटवर तिथे तीन पर्याय ठेवले: आहे, नाही, अजून पाहिलं नाही. सगळी घरं तिसऱ्यात घातली.

"डोकं फिरलंय का तुझं?" काका कडाडले. "पाहिलं नाही म्हणणारा एजंट कधी बघितलास?"

"नाही बघितला." तिचा आवाज कापत होता. "म्हणूनच लोक विश्वास ठेवतील."

"आणि मी कंपनीला बोलावलं तर?"

"बोलवा, काका. पण खोटी लिफ्ट माझ्या हातून जाणार नाही." तिने मान खाली घातली नाही.

आलेला माणूस खुर्ची ओढून बसला. "मग पाहून या. मी थांबतो."

पुटपुटत काकांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला नि चपला पायात सरकवल्या. काही वेळाने तिचा फोन वाजला. आधी नुसती धाप ऐकू आली.

"लिही... नाही! लिफ्ट नाही. पायऱ्यासुद्धा उंच आहेत मेल्या. पुढचा पत्ता सांग, पोरी."

सोमवारी नवी वेबसाइट सुरू झाली आणि मी बंद झाले. त्याचं मला दुःख नाही. फक्त एक मागणं आहे. घर शोधताना तुम्हाला 'अजून पाहिलं नाही' असं दिसलं, तर वैतागू नका. कुणीतरी किल्ली घेऊन निघालंय, एवढंच समजा.