तळ्याकाठची जागा

मुकुल आणि निशिकांत साडू होते. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून सणावाराला एका टेबलाशी बसायचे, एवढंच. दोघांनाही शिकारी जातीच्या कुत्र्यांचा नाद होता आणि त्यामुळे भांडायला आयता विषय मिळाला होता.

सिंगापुरात शिकार नाही, पण हौस होती. निशिकांतनं सात-आठ कुत्रेवाले जमवून गट काढला होता. गवतात, पाण्यात कापडी डमी फेकायची, शिट्टीवर कुत्र्यानं ती शोधून आणायची, अशा चाचण्या ते घेत. पुंगोलच्या माळावर लपूनछपून चालायचं, कारण बाहेर कुत्रं मोकळं सोडायला बंदी. मग तिथं फ्लॅट बांधायला भोवती पत्र्याचं कुंपण लागलं आणि गट रस्त्यावर आला.

शहराबाहेर, लिम चू कांग भागातली एक बाग मुकुलनं शोधून काढली. म्हातारे मिस्टर को पेरू पिकवत. तळं होतं, कमरेएवढं गवत होतं, भोवती कुंपण.

"जागा मी पसंत केल्याशिवाय ठरायची नाही," निशिकांत म्हणाला. एका रविवारी दोघं त्याच्या गाडीतून गेले. मागे मुकुलचा काळा लॅब्रडॉर रायबा आणि निशिकांतची ठिपक्यांची पॉइंटर कुत्री डचेस.

मिस्टर कोंनी एकच अट घातली. "माझ्या बदकांना हात लागता कामा नये." आणि ते फोन घ्यायला शेडमध्ये गेले.

"आधी तुमचा रायबा सोडा," निशिकांत म्हणाला. "बदकांवर गेला तर आत्ताच कळू दे. तुमच्या लाडावलेल्या कुत्र्यापायी सगळ्यांची जागा नको जायला."

मुकुलनं डमी तळ्यात फेकली. रायबा बदकांच्या शेजारून पोहत गेला, डमी तोंडात धरून परतला आणि निथळत पायाशी बसला.

 निशिकांतनं डचेसचा पट्टा काढला. ती शिट्टीला न जुमानता थेट काठावरच्या बदकांत घुसली. फडफडाट झाला. मग एक बदक मान टाकून पडलं.

को धावत आले तेव्हा निशिकांतनं डचेसला पट्टा लावलेला होता.

"कोणी केलं?"

"या काळ्यानं," निशिकांत शांतपणे म्हणाला. "बघा ना, अजून ओला आहे."

मुकुलच्या तोंडून शब्द फुटेना. "नो डॉग्ज! गो!" को ओरडत राहिले.

गाडीत बसल्यावर मुकुलला वाचा फुटली. "खोटं बोलायला लाज नाही वाटली तुम्हाला?"

"गटाचा प्रमुख मी आहे. माझ्या कुत्रीचं नाव खराब होऊन कसं चालेल?"

"गाडी थांबवा."

"इथं? ओल्या कुत्र्याला कुठली बस घेणार आहे तुमच्या?"

"थांबवा म्हणतो ना!"

निशिकांतनं खरंच थांबवली आणि मागे न बघता निघून गेला. मुकुल रायबाला घेऊन भर उन्हात चालत राहिला.

घरी मीनलनं सगळं ऐकून बहिणीला फोन लावला. स्मिता म्हणाली, "हे असं करणारच नाहीत. तुझ्या नवऱ्याला यांचं पुढारपण पहिल्यापासून खुपतं." संध्याकाळपर्यंत मुकुलला गटाच्या व्हॉट्सॲपवरून काढून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी तो एकटाच कोंकडे माफी मागायला गेला.

"माझ्या बायकोनं शेडमधून पाहिलं," को म्हणाले. "ठिपक्यांची कुत्री होती. तू का गप्प बसलास?"

"सुचलंच नाही."

कोंनी त्याला न्याहाळलं. "तू ये. तुझा कुत्रा आण. तो माणूस नको."

गटासाठी रदबदली करायची हीच वेळ होती. तसं मुकुलच्या मनातही आलं. पण तो फक्त "थँक यू" म्हणाला.

मुकुल बागेत जातो ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. मुकुलनं मुद्दाम बदक मारून इतरांना हाकललं आणि जागा एकट्यानं लाटली, असं निशिकांतनं सगळ्यांच्या मनात भरवलं. मग एका सकाळी मुकुल बागेत असताना निशिकांतची गाडी फाटकाशी उभी राहिली. मागे आणखी दोन गाड्या. स्मिता पुढच्या सीटवर होती. मुकुल आतून फाटकाशी आला.

"फाटक उघडायला सांगा," निशिकांत म्हणाला. "जागा गटाची आहे."

"बदक कुणी मारलं ते या सगळ्यांसमोर सांगा. मग म्हाताऱ्याशी बोलतो."

"तुमच्याच कुत्र्यानं मारलं."

मुकुलनं स्मिताकडे पाहिलं. तिनं काच वर केली.

को मागून आले. "फ्रेंड्स?"

"नो," मुकुल म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं कडी घातली.

त्या दिवाळीला बहिणी एकमेकींकडे गेल्या नाहीत. मीनल फराळाचा डबा भरून बसली होती, शेवटी तो तिनं शेजारच्या चिनी बाईंना दिला आणि रात्री मुकुलला म्हणाली, "जागा मिळाली ना तुला? झालं तर मग."

रविवारी मुकुल जातच राहिला. डमी तोच लपवायचा, शिट्टीही तोच मारायचा. रायबाशी स्पर्धा करायला दुसरं कुत्रं नव्हतं, गुण द्यायला माणूस नव्हता. याला चाचणी म्हणत नाहीत, हे त्याला कळत होतं. तरी फाटक उघडावं असं त्याला एकदाही वाटलं नाही.