आप्पांची वाव

अर्पितानं चौथ्यांदा मेमरी कार्ड उपसून काढलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि पत्त्याच्या पानाएवढ्या त्या संगणकात परत खुपसलं. हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर पुन्हा तेच आकडे. माकणीतल्या अकराच्या अकरा विहिरींचं पाणी महिन्याभरात खाली गेलेलं.

"मर की एकदाचा," ती त्याला म्हणाली.

पाऊस बरा झाला होता, धरण भरलं होतं, गव्हाला अजून कुणी पहिलं पाणीही दिलं नव्हतं. मग विहिरी खाली जातीलच कशा? दोष या संगणकाचाच. दिवसातून चारदा लाईट जायची आणि लिहिता लिहिता डेटाबेस मान टाकायचा. तिनं मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडून पाहिली, कार्ड बदललं, ठेवणीतली प्रत काढून सगळं पहिल्यापासून भरलं. लोहारा गावातल्या नोकरीतली तीन दिवसांची रजा त्यात गेली, आणि आकडे काही जागचे हलेनात.

उद्या सकाळी ग्रामसभा होती. विहिरींचं पाणी गव्हाला द्यायचं की पिण्यासाठी राखायचं, हे याच आकड्यांवर ठरणार होतं. गेल्या वर्षी सरपंच आण्णासाहेब म्हणाले होते, "हे खेळणं गावाचं पाणी सांगणार व्हय?" सगळी सभा खिदळली होती. तेव्हा अर्पिता ताडकन उभी राहून म्हणाली होती, "माणूस चुकेल. हे चुकणार नाही."

आता ते शब्द तिलाच टोचत होते.

"झालं का न्हाय तुझं?" शिवप्पा, तिचे वडील, दारात बसून डाव्या हातानं बशीतला चहा पीत होते.

"आप्पा, तुम्ही आकडे नीट टाकता ना?"

"तीस वर्सं मोजतुया पोरी. आता तू इचार मला."

गावाचं पाणी सोडायचं काम शिवप्पांकडं होतं. दर सोमवारी ते प्रत्येक विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायचे, आणि वर ओढताना ओला भाग लागेपर्यंत दोन्ही हात पसरून मोजायचे. एक वाव, दोन वाव. आकडा तिथूनच मोबाइलमध्ये टाकायचे. इकडं संगणक वावेचे फूट करून मांडून ठेवायचा. टेप वापरा म्हणून तिनं किती डोकं फोडलं होतं! शेवटी तिनंच टेप लावून त्यांची वाव मोजली. साडेपाच फूट भरली, तोच आकडा प्रोग्रॅममध्ये घातला.

वैतागून तिनं पडदा बंद केला आणि एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर नुसत्या वाव लिहून काढल्या. महिन्यापूर्वीच्या डावीकडं, आताच्या उजवीकडं. देवळामागची विहीर, चारची पाच झालेली. शाळेजवळची, सहाची साडेसात. माळावरची, आठची दहा.

पेन थांबलं. यंत्र बिघडलं की आकडे वाटेल तसे उधळतात. हे तर सगळे सारखेच वाढले होते, प्रत्येक विहिरीत पावपट. विहिरी अशा ठरवून आटत नसतात.

तिनं खुंटीवरचा दोर काढला आणि वडिलांपुढं धरला.

"आप्पा, एक वाव मोजून दाखवा."

"आता कशाला? चहा पितुया न्हवं."

"दाखवा."

शिवप्पांनी बशी खाली ठेवली. डावा हात सरळ पसरला. उजवा खांद्यापासून थोडा उघडला, कोपरात वाकला आणि तिथंच अडला. त्यांनी दात आवळून जोर लावला. हात पुढं जाईना.

"कधीपासून?"

"खांदा धरलाय जरा. माळावरच्या विहिरीच्या पायरीवरनं सटकलो हुतो. महिना झाला असंल."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगून काय? हात चालंना म्हटल्यावर विहिरीवर कोन उभं करंल मला?" त्यांनी दोर हळूहळू गुंडाळला. "उद्या सांगशील का सभंत?"

अर्पिताला तीन दिवसांचा राग आठवला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ती टेप घेऊन आली, त्यांची वाव मोजली. चार फूट पाच इंच. वाव आखूड झाली होती, म्हणून तेवढ्याच दोराच्या जास्त वाव भरत होत्या. तिनं प्रोग्रॅममध्ये नवा आकडा घातला, महिन्यापूर्वीच्या तारखेपासून. पडद्यावर अकराही विहिरींचं पाणी जागेवर आलं.

"सोमवारी दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "दोर मी सोडते."

दुसऱ्या दिवशी सभेत तिनं आकडे वाचले. आण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गेल्या आठवड्यात तर पानी खाली गेलं म्हनत हुतीस की."

अर्पितानं मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत शिवप्पा मान खाली घालून बसले होते.

"मशीन चुकलं होतं," ती म्हणाली. "दुरुस्त केलंय."

सभा खिदळली. "तरी म्या सांगत हुतो, खेळणं हाय त्ये!" आण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. तिचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

"बरं, गव्हाला पानी द्यायचं म्हननाऱ्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. शेवटच्या रांगेत शिवप्पांनी डावा वर केला.