राजाराणी झोपल्यावर

यशोवर्धनच्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटात स्पीकर आधी आले आणि त्याची आई रत्नाबाई नंतर. त्यामुळे स्पीकरना हॉल मिळाला.

स्पीकर दोन होते, रत्नाबाईंच्या खांद्याला लागतील एवढे उंच. त्यांची किंमत घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. सुनेने, म्हणजे रम्याने, ती एकदाच विचारली होती आणि मग बराच वेळ गॅलरीत उभी राहिली होती.

एवढं करून आवाज वाईट येत होता. ढोलाची एक थाप पडली की भिंतीकडून तीच परत यायची, थोडी जाड होऊन. दुकानाने पाठवलेला रणजीत आला. तो मूळचा पुण्याचा. हॉलच्या मध्यभागी उभं राहून त्याने टाळी वाजवली, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"सर, स्पीकर परफेक्ट आहेत. रूम चुकलीय."

त्या दिवसापासून घराची सुधारणा सुरू झाली. काच आवाज फेकते म्हणून शोकेस गेलं. टीव्ही बेडरूममध्ये गेला. सोफा खालच्या मजल्यावरच्यांना दिला आणि हॉलच्या बरोबर मध्यावर एक खुर्ची उरली. तिच्या पायांभोवती पिवळ्या टेपच्या खुणा होत्या. पाहुणे आले की एकजण बसे, बाकीचे त्याच्याकडे पाहत उभे राहत.

"आता फक्त खुर्चीमागची भिंत," रणजीत म्हणाला. "उघडी आहे. तिच्यासाठी पॅनेल परदेशातून येतात. तीन-एक महिने."

यशोवर्धनला तेवढा वेळ नव्हता. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याची श्रोतेमंडळी ऐकायला यायची होती. ही मंडळी आळीपाळीने एकमेकांकडे जात, डोळे मिटून ऐकत आणि खाली लिफ्टपाशी खरं मत देत. मारतहळ्ळीच्या एकाने तर मागच्या वर्षी असं मत ऐकून आपले स्पीकर विकले होते.

त्याच सुमारास मल्लेश्वरमचं घर पाडून नव्याने बांधायला दिलं गेलं आणि रत्नाबाई एक बॅग आणि एक मोठी ट्रंक घेऊन मुलाकडे आल्या. ट्रंकेत गोंबे होते. दसऱ्यात पायऱ्या लावून बाहुल्या मांडायच्या, ही रीत त्यांच्या घरात सासूच्या सासूपासून चालत आलेली, आणि गोंबे हे नावही इथलंच, कानडी. मांडणीत एकदा खंड पडला की घर मोडलं, असं रत्नाबाई मानत. घर तर यंदा खरोखरच मोडलं होतं. त्यामुळे मांडणी चुकवून चालणार नव्हतं.

"यशू, ही भिंत मला दे," त्या खुर्चीमागे बोट दाखवत म्हणाल्या.

"आई, तिथे नको. बेडरूममध्ये मांड ना."

"राजाराणीला बेडरूममध्ये बसवू? आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काय सांगू, पलंगावर चढून बघा?"

"आवाज बिघडेल."

"आत्ता कुठे चांगलाय?" रम्या म्हणाली. "रोज तूच रडतोस."

पायऱ्या लागल्या, त्यांच्यावर जाड पांढरी चादर पडली. सगळ्यात वर लाकडी राजाराणी. खाली शेट-शेटाणी, भाजीवाली, मातीचा पोलीस बँड, लग्नाची पंगत आणि यशोवर्धनच्या लहानपणचा प्लास्टिकचा जिराफ, जो कुठल्याच पुराणात नव्हता पण दरवर्षी पंगतीशेजारी उभा असे.

नुकसान किती झालंय ते पाहायला यशोवर्धन खुर्चीत बसला आणि ढोल लावला. थाप पडली. परत आली नाही.

त्याने पुन्हा लावला. मग रणजीतला फोन केला. रणजीत माइक आणि लॅपटॉप घेऊन आला, मोजमाप केलं आणि बराच वेळ पोलीस बँडकडे पाहत राहिला.

"सगळं खालीवर, वेडंवाकडं आहे ना, आवाज विखुरला जातो. उरलेला चादर पिते. सर, हे डिझाइन कोणाचं?"

"आईचं."

"जिराफ जरा डावीकडे घेतला तर..." रणजीतने हात पुढे केला.

"स्वल्प थांबा," रत्नाबाई म्हणाल्या. "जिराफ तिथेच असतो."

रणजीतने हात मागे घेतला.

नवरात्र फार सुखाचं गेलं. संध्याकाळी बायका यायच्या, हरभऱ्याची उसळ खायच्या. त्या गेल्या की यशोवर्धन खुर्चीत बसायचा. दसऱ्याला आरती झाल्यावर रत्नाबाईंनी रीतीप्रमाणे राजाराणीला हळूच आडवं केलं, अंगावर रेशमी तुकडा घातला आणि ट्रंक ओढली.

यशोवर्धन ट्रंकेवर बसला.

"आई, रविवारपर्यंत राहू देत."

"आता झोपवलंय त्यांना."

"मग इथेच झोपू देत. हवं तर कायमचे. भिंत तुझी."

रत्नाबाईंनी थोडा विचार केला. मल्लेश्वरमचं घर पुन्हा कधी उभं राहील, ते बांधणाराही सांगत नव्हता.

"सरी, राहू देत. पण झोपलेल्यांच्या उशाशी ढोल बडवायचे नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे बारीक."

रविवारी श्रोतेमंडळी आली. रिमोट रत्नाबाईंच्या मांडीवर होता. ढोल लागला, आवाज दोनवर. पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता म्हणून पंखा बंद केला. मग फ्रिजही. पाच गृहस्थ घाम पुसत, डोळे मिटून, पाळीपाळीने खुर्चीत बसले. यशोवर्धन दाराशी उभा होता आणि त्याचा चेहरा लिफ्टपाशचं मत आधीच ऐकल्यासारखा झाला होता.

बऱ्याच वेळाने मारतहळ्ळीच्या गृहस्थांनी डोळे उघडले.

"शांतता," ते कुजबुजले. "एवढी शांतता मी कुठल्याच सिस्टीममध्ये ऐकली नाही."

"आणि घाई नाही कशाची," दुसरे म्हणाले.

तिसऱ्यांनी गाणं कधी सुरू होणार असं विचारलं, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग एकाने गोंब्यांचे फोटो काढले आणि माप घेऊ का, असं रत्नाबाईंना विचारलं. त्यांनी त्याला उसळ दिली.

रम्या मंडळींना सोडायला लिफ्टपर्यंत गेली. परत येऊन म्हणाली, "खालीही तेच म्हणाले."

पॅनेल मागवायचं रद्द झालं. रिकामी ट्रंक माळ्यावर गेली.

सगळीकडे सामसूम झाल्यावर यशोवर्धन ढोल लावून खुर्चीत बसला.

"आई, किती दिवस झोपतात गं हे?"

"पुढच्या दसऱ्यापर्यंत."

वरच्या पायरीवर रेशमी तुकडा जरा सरकला होता. रत्नाबाईंनी तो नीट केला आणि मागे वळून मुलाकडे पाहिलं. यशोवर्धनने आवाज दोनवरून एकवर आणला.