चिंचेने घासलेला आरसा

मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे. जुनी आहे, हे मला मुलुंडच्या गगनदीप सोसायटीच्या वार्षिक सभेत कळलं. तिथे 'गच्चीवरील जुने सामान' हटवण्याचा ठराव आला आणि त्यात एक बंद पडलेला कूलर, गणपतीच्या मखराची चौकट आणि मी, अशी तीन नावं होती. मी आयुष्यभर गुरू, शनी आणि चंद्र यांच्या संगतीत वावरले. कूलरची संगत नवीनच होती. कूलर स्वभावाने वाईट नव्हता.

माझा जन्म याच सोसायटीत, धम्मपाल वाहुळे यांच्या घरी झाला. धम्मपाल बँकेत अधिकारी. दुर्बीण म्हटली की तुम्हाला भिंगं आठवतात, पण माझ्यात भिंग आहे ते फक्त डोळा लावायच्या जागी. माझा खरा जीव म्हणजे नळीच्या तळाशी बसवलेला एक गोल आरसा. तो धम्मपालने स्वतःच्या हाताने घासून केला. पिंपावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली खरखरीत पूड, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरायचं. फिरत राहिलं की वरची काच मधोमध खोलगट होत जाते. ताऱ्याकडून आलेला सगळा प्रकाश मग ती एका ठिकाणी गोळा करते.

धम्मपालची बायको संघमित्रा हे कित्येक महिने पाहत होती. शेवटी म्हणाली, "कधी कुठल्या देवळाला प्रदक्षिणा घातली नाहीस, आणि काचेला घालतोयस."

"काच नवसाला पावते," धम्मपाल म्हणाला.

"बघू. मला पिंप पावलं तरी पुरे. पाणी कशात भरायचं?"

काच घासून झाल्यावर तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. तो तुमच्या केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ असतो. इथे एक गोष्ट नीट ऐका, पुढे तीच नडली. तुमच्या घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून तो कुणीही पुसावा. माझा मुलामा काचेच्या पुढे, उघड्यावर असतो. म्हणून मला पुसायचं नसतं. धूळ बसली तर बसू द्यायची. थोड्या धुळीने तारे अडत नाहीत.

मग माझ्या कामाची वर्षं सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी धम्मपाल मला गच्चीच्या कठड्याजवळ उभी करायचा. आधी दिव्यांकडे पाठ करून थोडा वेळ गप्प बसा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, असं सांगायचा. मुंबईत गप्प बसणं आणि अंधार या दोन्ही गोष्टी लोकांना नवीन असतात, त्यामुळे काहीजण तिथूनच परत जायचे. जे थांबायचे त्यांना तो दाखवायचा की तारा लुकलुकतो आणि ग्रह सहसा शांत दिसतो. गुरूशेजारचे चार ठिपके म्हणजे त्याचे चंद्र, ते उद्या जागा बदललेले दिसतील. कुणीतरी हमखास तक्रार करायचं, "अहो वाहुळे, तारा निसटला, तुमची दुर्बीण हलते." तेव्हा तो म्हणायचा, "दुर्बीण नाही, पृथ्वी फिरली. आपण सगळेच हललो."

तिसऱ्या मजल्यावरचे जयवंत घाडी पहिल्या दिवशी चंद्र बघून म्हणाले होते, "इथेही खड्डे? म्हणजे कंत्राटदार तोच." घाडीकाका मूळचे मालवणकडचे, आयुष्य परळच्या गिरणीत फिटर म्हणून गेलेलं. ते मात्र नेमाने येत राहिले. बाकीचे हळूहळू कमी झाले. समोर टॉवर आले, त्यांच्यावर निळे दिवे आले, आणि आकाशात मोजून उरलेल्या ताऱ्यांसाठी जिना चढावा असं लोकांना वाटेना. मला नावं ठेवली असती तरी चाललं असतं. पण माझ्या नळीवर सतरंज्या वाळत घालायला लागले, तेव्हा समजलं की आपल्याला आता कुणी मोजत नाही.

ठराव आला ती सभा गच्चीवरच होती. सेक्रेटरी सुशांत, वय कमी, उरक फार. तो म्हणाला, "गच्चीवर लाइटिंग करायचंय, बसायला बाक टाकायचेत. हे सगळं हलवावं लागेल."

धम्मपाल काही बोलायच्या आत घाडीकाका उठले. "अरे, माणसांका एकदा बघूक तर दी तिच्यातून. न बघताच कसली काढतस?"

त्यावर तोड निघाली. दिवाळीआधीच्या शनिवारी सगळ्यांना शनी दाखवायचा. लोकांना पटलं तर मी गच्चीवर राहणार, नाही पटलं तर जाणार. तोवर गच्चीला कुलूप आणि चावी सुशांतकडे. धम्मपालने त्याच दिवशी मला तपासून ठेवलं. सगळं ठीक होतं. त्याला दुसरीकडे कुठे मला उभी करता येणार नव्हतं. त्याच्या घराच्या खिडकीतून शेजारच्या टॉवरचं पार्किंग दिसतं.

मध्ये दसरा आला. धम्मपाल आणि संघमित्रा दरवर्षीप्रमाणे नागपूरला, दीक्षाभूमीला गेले. आणि खंडेनवमीच्या सकाळी घाडीकाका सुशांतकडून चावी घेऊन गच्चीवर आले.

गिरणीत असताना खंडेनवमीला ते आपली हत्यारं घासूनपुसून पूजायचे. गिरणी गेली, हत्यारं गेली, पूजेची सवय राहिली. मग ते सोसायटीचा पंप पूजायचे, लिफ्टची मोटर पूजायचे. या वर्षी म्हणाले, धम्मपाल नाही, तर त्याचं हत्यार आपण पूजू. मित्रांनो, हेतूत खोट काढायला जागा नाही. मी शोधली.

त्यांनी फिटरच्या सफाईने माझे स्क्रू काढले आणि आरसा बाहेर घेतला. त्यावर धूळ होती. त्यांच्या पत्नी, शेवंतीकाकू, ताट घेऊन उभ्या होत्या.

"अहो, त्याला फोन तरी करा. विचारून हात लावा."

"साफ करूक काय विचारायचा? चिंच दी हकडे."

चिंचेचा कोळ, त्यात चिमूटभर रांगोळी, आणि तांब्याचं घंगाळ घासावं तसं त्यांनी मला घासलं. राखाडी पाणी ओघळायला लागलं. तो माझा मुलामा होता.

"बघ गो, किती मळ निघता," घाडीकाका म्हणाले.

सगळा मळ निघाल्यावर त्यांनी काच उन्हात धरली. पलीकडची पाण्याची टाकी स्पष्ट दिसत होती. ते खूश झाले. दुर्बिणीतून आरपार दिसायला हवं, आणि आता दिसत होतं. त्यांनी मधोमध हळदकुंकवाचं बोट लावलं, आरसा पुन्हा जागेवर बसवला, नळीला झेंडूचा हार घातला, हात जोडले. इतका मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

शनिवारी अंधार पडता पडता सुशांतने कुलूप काढलं. लोक आधीच जिन्यात जमले होते. धम्मपालने मला शनीकडे वळवलं, डोळा लावला, आणि बराच वेळ लावूनच ठेवला. मग त्याने टॉर्च काढून नळीत उजेड टाकला. तळाशी त्याला आरसा दिसला नाही. त्याच्या मागच्या लाकडी फळीचे तीन स्क्रू दिसले, आणि कुंकवाचा एक ठिपका.

घाडीकाका शेजारीच उभे होते. "कसो आसा? मीच केलंय. खंडेनवमीला. एक डाग ठेवलो नाय."

धम्मपालने टॉर्च बंद केला.

"सर, सुरू करायचं ना? रांग लागलीय," सुशांत म्हणाला.

रांग पुढे सरकली. शेवंतीकाकू म्हणाल्या, "पिवळट काहीतरी आहे. कढीतल्या गोळ्यासारखं." दुसऱ्या मजल्यावरच्या क्षमा वहिनी म्हणाल्या, "शनी आहे ना, नाही नीट दिसला तेच बरं. आधीच यांची साडेसाती चालू आहे." मग सुशांतने डोळा लावला आणि लगेच काढला.

"सर, यापेक्षा मोबाईलवर क्लिअर दिसतो. बिघडलीय का ती?"

उत्तर एका वाक्याचं होतं. मुलामा गेलाय, काच शाबूत आहे, नवा मुलामा चढवला की पुन्हा पहिल्यासारखं दिसेल. पण मुलामा कशाने गेला, हा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर चहाबरोबर हसण्यावारी गेलं असतं. धम्मपाल वाहुळेने 'पूजेत गेला' म्हटलं असतं, तर ते सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्याआधी घरी पोचलं असतं. आणि तिथे ते आरशाबद्दल राहिलं नसतं.

"हवा खराब आहे," धम्मपाल म्हणाला.

सुशांतने तिथेच हात वर करायला सांगितले. ठेवायची म्हणून धम्मपाल आणि संघमित्राचा हात वर झाला. घाडीकाकांचा झाला नाही.

"मी स्वतः घासलंय रे धम्मपाल," ते फार वाईट वाटून म्हणाले. "एवढी साफ करूनही दिसना नाय, म्हणजे तिचा वय झाला. आता तिका छळू नको."

सगळे खाली गेल्यावर संघमित्रा म्हणाली, "सांगितलं का नाहीस? काका समजले असते."

"काका समजले असते. काकांना समजेपर्यंत बाकीचे थांबले नसते."

"म्हणून हवेवर ढकललंस."

"हवेचं कुणी मनावर घेत नाही," तो म्हणाला आणि माझ्या तोंडावर झाकण बसवलं.

सोसायटीने मला जवळच्या एका शाळेला भेट दिलं. स्वीकारताना फोटो निघाले. मी आता मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत, काचेच्या कपाटात आहे. माझं तोंड छताच्या पंख्याकडे आहे. धम्मपालने बाईंना दोनदा भेटून सांगितलं की मुलामा मी चढवून आणतो. बाई म्हणाल्या, भेटवस्तू आहे, बाहेर देता येत नाही. कपाट मात्र रोज पुसलं जातं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुम्हाला 'वस्तूंची काळजी घ्या' असं सांगायची पद्धत आहे. मी सांगणार नाही. काळजी घेतली म्हणून तर मी इथे आहे. कुठल्याही वस्तूचा मान ठेवण्याआधी ती काम कशी करते ते तिच्या माणसाला विचारा, त्याला फोन लागत नसेल तर परत येईपर्यंत थांबा. धूळ तोवर थांबते. आणि तुमची स्वतःची सोसायटी झाली, तिला गच्ची असली, तर दिवे लावा, बाक टाका, काय हवं ते करा. फक्त तिथे उभं राहून एखाद्या धम्मपालला 'काका, आरसा तुमच्या हातून गेला' एवढं निर्धास्त म्हणता आलं पाहिजे. तेवढं जमलं की तारे आपोआप दिसतील असं नाही. पण का दिसत नाहीत, ते तरी कळेल.