उद्गारचिन्ह

नॉर्डबी गावात ऑक्टोबर आपला आपण लागत नाही, व्हिटनी तो लावते. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटलं की तिचा फतवा मैत्रिणींच्या फोनवर येऊन पडतो. यंदाचा असा होता: पहिला शनिवार सफरचंदाची बाग, दुसरा हस्तकला, तिसरा मक्याच्या शेतातला भुलभुलैया, चौथा हॅलोविनची परेड. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचा चौकड्यांचा शर्ट घालायचा तेही लिहिलेलं. खाली तीन भोपळे आणि एक भूत. मैत्रिणी एकूण चौघी, त्यांतलं भूत कोण, हे स्वतःला विचारायचं नोरीनने टाळलं.

नोरीनला या गावात येऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे ती आत्ताच आली होती. तेरा वर्षांपूर्वी आलेल्या दातांच्या डॉक्टरलाही इथे अजून 'नवा डॉक्टर' म्हणतात. नवऱ्याला, ग्लेनला, बियाण्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती आयोवा सोडून मिनेसोटात आली. मुलं मोठी होऊन पांगलेली, ओळखपाळख शून्य. सोफ्यांना नवं कापड चढवायचं आपलं जुनं काम तिने तळघरात पुन्हा मांडलं आणि एक दिवस व्हिटनीचा फाटका सोफा तिथे आला. सोफ्यामागोमाग व्हिटनी आली, व्हिटनीमागोमाग ट्रिश आणि पॉला. त्या तिघी शाळेपासूनच्या. एक शिंकली की दुसरी रुमाल काढायची आणि तिसरी फोटो.

व्हिटनीची तळ्याकाठी एक केबिन होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे फक्त बायका जायच्या. पत्ते, वाईन, गरम पाण्याचा टब आणि नवऱ्यांची यथेच्छ निंदा. एखादीला मैत्रीण म्हणून खरोखर धरलंय की नुसतं हाताशी ठेवलंय, हे त्या केबिनवर ठरायचं. गेल्या वर्षी नोरीनने चौघींचे पोशाख शिवले, चौघींचे भोपळे कोरले, परेडमध्ये चालली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी घरी बसून फोनवर त्या तिघींचे फोटो पाहिले. प्रत्येक फोटोला तिने लाल बदाम पाठवला. यंदा मात्र काहीही करून केबिन गाठायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

सफरचंदाच्या बागेत सफरचंदं तोडायला कोणीच आलेलं नव्हतं. शिडीवर फोटो झाला, टोपलीसोबत झाला, गवताच्या गठ्ठ्यावर बसून खळखळून हसल्याचा झाला. ट्रिशने एकच सफरचंद तीनदा चावलं, कारण पहिल्या दोन वेळी तिचे डोळे मिटले. मग डोनट खाता खाता व्हिटनीने जाहीर केलं, "यंदा आपण शब्द व्हायचं. एकेक बाई, एकेक अक्षर. शब्द आहे बू!"

"अय्या, किती गोड!" पॉला म्हणाली. पॉलाला सगळंच गोड वाटायचं. सासऱ्याच्या मयतालाही ती हेच म्हणाली होती.

नोरीनने मनात स्पेलिंग केलं. बी, ओ, ओ. पुन्हा एकदा केलं. तेवढंच भरलं.

"अगं, पण आपण चौघी आहोत ना?"

"तू उद्गारचिन्ह!" व्हिटनीने तिच्या खांद्यावर थाप मारली. "सगळा जोर तुझ्यावर बघ. तू नसलीस तर कोणी घाबरेल का?"

"चार अक्षरांचा शब्द घेतला तर? बोन आहे की. बी, ओ, एन, ई."

"हाडं?" ट्रिश किंचाळली. "चाळिशी उलटलेल्या चार बायका हाडं म्हणून भर रस्त्यातून चालणार? लोकांना आयतं निमित्त!"

"मग टूम घेऊ. थडगं. टी, ओ, एम, बी."

"त्यातला शेवटचा बी मुका असतो ना गं?" पॉला म्हणाली. "मुकं अक्षर कोण होणार?"

तिघींनी नोरीनकडे पाहिलं. अगदी मायेने पाहिलं.

"उद्गारचिन्हच बरं," नोरीन म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी हस्तकला झाली. हस्तकला म्हणजे नोरीनच्या तळघरात नोरीनने फोम कापायचा, नारिंगी फेल्ट शिवायचं आणि बाकी तिघींनी हातात ग्लू गन धरून उभं राहायचं. ग्लू गनची वायर भिंतीत खोचलेली नव्हती, ते फोटोत दिसत नाही. इथे ऑक्टोबरअखेर बर्फ पडू शकतो, म्हणून सगळी मापं हिवाळी जॅकेटवरून घ्यावी लागतात. ट्रिशला आपल्या ओमध्ये आपण जाड दिसतो असं वाटलं.

"हा जरा लंबगोल करता येईल का गं?"

"लंबगोल केला तर तो शून्य दिसेल," नोरीन म्हणाली.

"मग पॉलाचा शून्य कर. माझा ओ राहू दे."

उद्गारचिन्हाचं काम सर्वांत अवघड निघालं. वरचा खांब सोपा होता: डोक्याशी रुंद, खाली निमुळता, गुडघ्यापाशी संपणारा, चेहऱ्यापुरतं एक भोक. पण खालच्या टिंबाचं काय? ते घोट्यांभोवती बसायचं होतं आणि नोरीनने त्यात दोन पायांसाठी दोन भोकं काढली होती. व्हिटनीने वाईनचा ग्लास हातात धरून ती नीट पाहिली.

"दोन पाय वेगळे दिसले तर ते टिंब कसलं? एकाच भोकातून काढ ना."

"मग मी चालू कशी?"

"अगं, हळू चालायचं. परेड आहे, शर्यत नाही. आणि आम्ही आहोतच की बरोबर."

नोरीनने एकच भोक ठेवलं. संध्याकाळी ती सगळा जामानिमा घालून तळघरातून वर आली, एकेक पायरी दोन्ही पायांनी उडी मारत. ग्लेन टीव्हीवर फुटबॉल पाहत होता. त्याने मान वळवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाजर?" त्याने विचारलं.

"उद्गारचिन्ह."

"कशाचं?"

तिघी सोबत असल्या तर ती उद्गारचिन्ह होती, नसल्या तर गाजर. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळूनही न कळण्यात ती तरबेज झाली होती.

तिसऱ्या शनिवारी मक्याच्या भुलभुलैयात नकाशा अर्थातच नोरीनच्या हातात होता. पुरुषभर उंचीच्या वाळलेल्या ताटांमधून ती पुढे, तिघी मागे. चौथ्या वळणावर तिने सगळं धैर्य गोळा करून, नकाशातून मान वर न काढता विचारलं, "व्हिटनी, यंदा केबिनला मीही आले तर चालेल का गं?"

मागे पावलं थांबली.

"अगं, आवडलंच असतं!" व्हिटनी म्हणाली. "पण पलंग तीनच आहेत ना. परेड होऊ दे, मग बघू."

या मुलखात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. माणसाचं घर जळत असलं आणि त्याने पाणी मागितलं, तरी लोक हसून 'बघू' म्हणतील. नोरीन आयोवाची, तिथेही हीच रीत, त्यामुळे तिला 'बघू'चा अर्थ चांगला ठाऊक होता. तरीही घरी जाऊन तिने स्लीपिंग बॅग उन्हात टाकली.

परेडच्या दिवशी ऊन होतं आणि थंडी हाडांपर्यंत पोहोचत होती. मेन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून, मांडीवर पांघरुणं घेऊन अख्खं गाव बसलं होतं. निकाल द्यायला अग्निशमन दलाचे प्रमुख कर्णा घेऊन बँकेपुढच्या मंचावर उभे. बू निघाला. पुढे व्हिटनीचा बी, मागे ट्रिशचा ओ, मग पॉलाचा ओ, शेवटी नोरीन. पहिल्या वीस पावलांतच भानगड लक्षात आली. त्यांच्या एका पावलात नोरीनची पाच व्हायची.

"अगं, जरा सावकाश!" ती ओरडली.

"हात हलव, नोरीन, हात हलव!" व्हिटनी मागे न बघता म्हणाली. नोरीनचे हात खांबाच्या आत होते.

औषधांच्या दुकानापाशी शब्द आणि चिन्ह यांच्यात दहा फुटांचं अंतर पडलं, न्हाव्याच्या दुकानापाशी पन्नास फुटांचं. बी आणि दोन ओ गर्दीला चुंबनं फेकत निघून गेले. मागे वळून एकीनेही पाहिलं नाही. कडेच्या खुर्च्यांतून आवाज आला, "ए, गाजर बघ, गाजर!" नोरीनचे डोळे भरून आले. हात आत असल्यामुळे ते पुसताही येईनात.

तेवढ्यात मागची गाडी तिला ओलांडू लागली. ती हाल्व्हर्सन आणि मुलगे यांची शववाहिका होती. गावातलं प्रत्येक माणूस एकदा त्यांच्याकडे जातंच, म्हणून हाल्व्हर्सन प्रत्येक परेडमध्ये यायचे. पोशाख नाही, सजावट नाही. काळी लांब गाडी, तिला सवयच असलेली संथ चाल, आणि बाजूवर पांढऱ्या अक्षरांत दुकानाचं घोषवाक्य: वेळ येईल तेव्हा आम्ही आहोत. चाळीस वर्षं ते वाक्य तिथे होतं आणि चाळीस वर्षं लोक ते दिसलं की दुसरीकडे बघायचे. नोरीनने खांबाच्या शिवणीतून कसाबसा एक हात बाहेर काढला, गाडीच्या मागच्या दाराची मूठ पकडली आणि अंग गाडीवर सोडून दिलं. गाडी नेईल तशी ती उड्या मारत निघाली.

आधी एक म्हातारी हसली. मग तिची सून. मग हशा रस्त्याच्या कडेने असा पसरत गेला की नोरीनला आपलं काही उसवलंय असं वाटलं. बँकेपाशी प्रमुखांनी कर्णा उचलला आणि तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात गाडीवरचं वाक्य वाचलं, "वेळ येईल तेव्हा आम्ही आहोत!" वाक्याच्या शेवटी लटकलेल्या त्या चिन्हावर त्यांनी सगळा दम लावला. लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या पिटू लागले.

पुढे बूची अवस्था निराळीच झाली होती. शाळेच्या फुटबॉल संघातली पोरं कठड्यावर बसली होती. खेळात पंच चुकला की ती याच शब्दाने त्याची हुर्यो उडवतात. चिन्ह गळालेला शब्द समोरून आला, पोरांनी तो वाचला आणि इमानाने म्हटला. "बूऽऽ! बूऽऽ!" पॉलाला ते आधी गोड वाटलं. मग पोरांनी अंगठे खाली केले. व्हिटनी शेवटचा अर्धा रस्ता मान खाली घालून, बी छातीशी घट्ट धरून चालली.

पहिलं बक्षीस, सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा भोपळा, शववाहिकेला मिळालं. म्हातारे हाल्व्हर्सन गाडीतून उतरले, टोपी काढली आणि भोपळा नोरीनच्या त्या एका मोकळ्या हातात दिला.

"बाई, इतकी वर्षं ते नुसतं वाक्य होतं," ते म्हणाले. "घरी खिम्या-राजम्याची चिली शिजतेय. लेकी, सुना, सगळे आहेत. यजमानांना घेऊन तुम्ही याच. आणि पुढच्या वर्षीही या, तुमच्या मापाची जागा ठेवतो." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ते लाजले, आणि नोरीन हसता हसता गाडीला टेकली. या गावात आल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती. ग्लेन गर्दीतून तिचा कोट घेऊन आला होता. "जाऊ या," तो म्हणाला. "चिलीचा वास मला इथपर्यंत येतोय."

तेवढ्यात व्हिटनी आली. बी तिने काखोटीला मारला होता. तिने आधी भोपळ्याकडे पाहिलं, मग नोरीनकडे, मग फोटो काढणाऱ्या गर्दीकडे, आणि नोरीनच्या खांद्यावर हात टाकला.

"अगं, कुठे राहिलीस तू? आम्ही किती शोधलं! ऐक ना, केबिनचं बघितलं मी. पलंग तीनच आहेत, पण मागच्या पडवीत एक कोच आहे. जरा गार असतं तिथे, पण तू काय, आयोवाची, कणखर. स्लीपिंग बॅग असेलच तुझ्याकडे. आणि हो, तुझं शिलाई मशीन गाडीत टाकशील का? तिथले पडदे अगदी चिंध्या झालेत गं."

नोरीनला सगळं समजलं. कोच समजला, पडदे समजले, तीन पलंगही समजले. तिला संताप आला. व्हिटनीचा थोडा आणि स्वतःचा फार, कारण संताप यायच्या आधीच तिला आनंद होऊन गेला होता. हाल्व्हर्सन टोपी हातात घेऊन उभे होते. ग्लेन कोट उघडून धरून उभा होता.

"खिडक्या किती आहेत?" तिने विचारलं.