यंदाचे कागद

कर सल्लागार बाईंनी तिसऱ्या फाइलची नाडी सोडली, आतले कागद टेबलावर मांडले आणि संगणकाचा पडदा समोर बसलेल्या तिच्याकडे वळवला.

"इथे तीन वर्षांत एकदाही विवरणपत्र भरल्याची नोंद नाही."

"असं कसं? वर लिहिलंय बघा."

पुठ्ठ्यावर खरंच लिहिलं होतं. 'भरले'. खाली तारीख, तारखेखाली दोन रेघा. बाबांचं वळणदार अक्षर.

ती आवाज द्यायची. जाहिरातींना, माहितीपटांना, मुलांच्या मालिकेतल्या एका आगाऊ सशाला. काम दहा ठिकाणचं, पैसे दहा तऱ्हांनी यायचे आणि प्रत्येक जण आपापल्या परीने कर कापून घ्यायचा. बाबांनी कारखान्याच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिचे कागद आपण होऊन ताब्यात घेतले. "तू आवाजाकडे बघ, आकड्यांकडे मी बघतो," असं म्हणाले होते. तिने एकदाही फाइल उघडून पाहिली नव्हती. घरातल्या घरात रेकॉर्डिंगची खोली करायची म्हणून मागच्या आठवड्यात कर्जाला अर्ज केला, तेव्हा बँकेने विवरणपत्रं मागितली. तिने तीन फाइली उचलल्या आणि थेट इथे आली.

"पावत्या मात्र काय सुरेख लावल्यात हो," सल्लागार बाई म्हणाल्या. "माझ्याकडे कलावंत मंडळी येतात ती पिशव्या भरभरून येतात. एकाने तर पावत्यांबरोबर किराणा मालाची यादी दिली होती. मी तीही वाचली."

ती हसली. बाईंनी तिन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून ठेवल्या.

पहिल्या फाइलमध्ये विवरणपत्राचा कच्चा नमुना पेन्सिलीने शेवटच्या पानापर्यंत भरलेला होता. दुसऱ्या वर्षीचा अर्ध्यावर थांबला होता. तिसऱ्या वर्षी नमुन्याच्या चार प्रती होत्या. चारींवर फक्त तिचं नाव होतं, आणि एका प्रतीवर तेही खोडून पुन्हा लिहिलेलं.

"कोण बघायचं हे सगळं?"

तिने कागद गोळा करून त्यांच्या कडा जुळवल्या.

"मीच."

बाईंनी पेन्सिलीतल्या त्या अक्षराकडे पाहिलं, मग तिने मघाशी भरून दिलेल्या माहितीच्या कागदाकडे. दंड आणि व्याज मिळून होणारी रक्कम त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवली. ती वाचून तिला खोलीचा विचार करायचंही कारण उरलं नाही.

"उशिराचं कारण द्यावं लागेल. आजारपण वगैरे असलं तर थोडी सूट मागता येते. घरात कुणाचं?"

"नाही. निष्काळजीपणा लिहा. माझा."

मूळ कागद तिथेच ठेवून, झेरॉक्स घेऊन ती निघाली. वाटेत ती मनातल्या मनात वाक्य घोळवत होती. बाबा, यंदापासून मी दुसरीकडे देते. बाबा, तुम्ही आता आराम करा. एकच ओळ चौदा प्रकारे म्हणून दाखवणं हा तिचा रोजचा धंदा. पण हे वाक्य एकाही प्रकाराने जमेना.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर पट्टी, टाचण्यांची डबी आणि कोरा नमुना.

"आलीस? यंदाचे कागद आण. शेवटच्या दिवशी पळापळ नको."

"बाबा, मी काय म्हणत होते..."

"हं?"

त्यांनी हात पुढे केला होता. तिने झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

बराच वेळ ते पावत्या लावत होते. तारखेवार, मग रकमेवार, मग पुन्हा तारखेवार. ती पाणी घेऊन आली, त्यांनी ते अर्धं प्यायलं. मग नमुना पुढ्यात ओढून, चष्मा सारखा करून त्यांनी वर पाहिलं.

"नाव सांगा."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते थांबले होते, पेन्सिल कागदावर टेकवून. तिने नाव सांगितलं. त्यांनी ते सावकाश लिहिलं.

"व्यवसाय?"

"आवाज देते मी. जाहिरातींना वगैरे."

"म्हणजे नोकरी नाही." त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "मग तुम्ही एक करा, बाई. कागद कुणालातरी नेमाने दाखवत चला. आमची मुलगीही याच कामात आहे. हुशार आहे, पण व्यवहाराच्या नावाने शून्य. तिचं सगळं मी बघतो."

तिने काम करताना लावायची तशी आवाजाची पट्टी थोडी खाली घेतली.

"बरं आहे तिचं," ती म्हणाली.

बाबांनी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पत्ता?"

ती सांगू लागली, हळूहळू, त्यांना लिहिता येईल अशा बेताने.